डावा खांदा

तात्यांची वही लाल कापडी बांधणीची आहे. किराणा दुकानदार उधारीसाठी ठेवतात तसली, लांबट, वरच्या बाजूने उलगडणारी. कडा उंदराने कुरतडल्यात आणि शाई फिकी पडून तांबूस झालीय. पहिल्या पानावर टोळीचा नंबर आहे. खाली चौदा नावं, नावापुढे गाव, गावापुढे हजेरीच्या उभ्या रेघा. एवढं कुठल्याही मुकादमाच्या वहीत असतं. पण काही नावांपुढे समासात, बारीक अक्षरात आणखी काही लिहिलंय. ‘डावा खांदा.’ ‘दमा. मिरची नको.’ ‘थप्पी चांगली.’ ‘पोरीचं लगीन, वैशाख.’ एका नावापुढे नुसतं ‘रागीट’, आणि त्याखाली वेगळ्या शाईने, बहुधा काही वर्षांनी लिहिलेलं, ‘आता नाही.’

तात्या माझे धाकटे चुलते. वय ऐंशी. मुंबईच्या दाणाबंदरात आणि पुढे तुर्भ्याच्या धान्यबाजारात मिळून चाळीसेक वर्षं त्यांनी पोती वाहिली. त्यातली बरीच वर्षं ते टोळीचे मुकादम होते. घरात ही वही आहे हे मला लहानपणापासून माहीत होतं, पण ती उघडून बघावी असं कधी वाटलं नव्हतं. गेल्या श्रावणात एका रात्री त्यांनीच ती माझ्यापुढे टाकली.

आम्ही शीळफाट्याजवळ राहतो. इथे चार दिशांचे रस्ते एकमेकांना येऊन भिडतात. एक ठाण्या-मुंब्र्याकडून, एक कल्याण-डोंबिवलीहून, एक पनवेलकडून आणि एक महाप्याहून डोंगर चढून. बंदरातून निघालेला कंटेनर, भिवंडीचा ट्रक, नवी मुंबईचा टेम्पो, सगळे इथे येऊन अडतात. माझ्या लहानपणी खिडकाळीच्या महादेवाला जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भातखाचरं दिसायची आणि आगरी गावांच्या कौलांमागे पारसिकचा डोंगर. आता खाचरांत पत्र्याची गोदामं उभी आहेत, कल्याण रस्त्यावर मेट्रोचं काम चालू आहे, आणि घणसोलीकडून डोंगराच्या पोटातून बुलेट ट्रेनचा बोगदा शीळफाट्याला येऊन पोचलाय. त्यातल्याच एका गोदामात मी पाळीप्रमुख आहे. माल उतरवणं, फोडणं, मांडणं, पुन्हा भरणं. माणसं ठेकेदाराची, काम आमचं.

रोज रात्री साडेनऊच्या सुमारास ठेकेदाराचा फोन येतो, उद्या किती माणसं? मग मी मोबाइलवर यादी उघडतो. नावापुढच्या चौकोनात खूण केली की त्या माणसाला उद्या काम. खूण काढली की त्याला संदेश जात नाही, काहीच जात नाही. त्या रात्री गाड्या कमी होत्या. अडतीसातली सहा नावं कमी करायची होती. मी बोटाने खुणा काढत होतो आणि तात्या शेजारी बसून बघत होते.

“काय करतोयस?”

“उद्याची यादी.”

“हा का काढला?”

मी म्हटलं, याचा आकडा कमी येतो. आमच्याकडे प्रत्येकाच्या हातात स्कॅनर असतो. तासाला किती खोकी हलवली ते त्यातून आपोआप समजतं. आठवड्याची सरासरी काढून खालची सहा नावं मी बाजूला केली होती.

“कुठला हाय त्यो?”

मला माहीत नव्हतं.

“आकडा कमी का येतोय?”

तेही माहीत नव्हतं. तात्या उठले, आतल्या खोलीत गेले, ट्रंक सरकवल्याचा आवाज आला. परत आले ते वही घेऊन. काही बोलले नाहीत. वही पलंगावर ठेवली आणि झोपायला गेले.

*

आमच्या घरात कामाची जी काही गोष्ट सांगितली जाते, ती दोन शब्दांपासून सुरू होते. ‘उद्या ये.’

आबा, म्हणजे माझे आजोबा, १९४० साली पाटण तालुक्यातून कराडपर्यंत पायी आणि तिथून आगगाडीने मुंबईला आले. वय सतरा. गावच्या माणसांची परळला खोली होती, तिथे वळकटी टाकली. दुसऱ्या दिवशी पहाटे भोंगा व्हायच्या आधी गिरणीच्या दारात उभे राहिले. तिथे रोज बदली कामगारांचा घोळका असायचा. कायम कामगार आला नाही की त्याच्या जागी त्या दिवसापुरता बदली घ्यायचा. घ्यायचं कुणाला हे जॉबर ठरवायचा. आबा त्याचं वर्णन करताना आवाज खाली आणत. “हातात काठी नसायची, शिवी नसायची. नुसतं बोट. तू, तू आन् तू. बाकीच्यांना म्हणायचा, उद्या ये.” आबांनी हे सतरा दिवस ऐकलं. अठराव्या दिवशी खोलीतल्या एका भावबंदाने जॉबरला पाच रुपये पोचवले. त्याला दस्तुरी म्हणत. मग बोट आबांकडे वळलं.

जॉबर हा काही साधा मुकादम नव्हता. साच्यावर कोण उभं राहणार, कुणाला रजा, कुणाचं नाव कापायचं, हे त्याच्या हातात. तोच व्याजाने पैसे द्यायचा, तोच कधी खोली मिळवून द्यायचा. बायकांच्या खात्यात हेच काम नायकीण करायची. ब्रिटिश सरकारच्या शाही कामगार आयोगाने १९३१ च्या अहवालात या पद्धतीवर कडक ताशेरे ओढले, आणि १९३५ पासून मुंबईच्या गिरणीमालकांनी बदली कामगारांना नोंदणीचं कार्ड द्यायला सुरुवात केली. म्हणजे आबा आले तेव्हा कार्डाला पाच वर्षं झाली होती. मी त्यांना एकदा विचारलं, मग दस्तुरी कशाला? ते म्हणाले, “कार्ड साहेबाच्या टेबलावर व्हतं. टेबलापर्यंत कोन नेनार?”

पण आबांचं सांगणं एवढ्यावर थांबत नसे, आणि मला त्यातला पुढचा भाग नेहमी जास्त महत्त्वाचा वाटला. ते सांगत की जॉबरही भ्यायचा. आठवड्यातून एकदा तरी तो आमच्या आजीच्या खानावळीच्या दारात येऊन उभा राहायचा. कारण सकाळी खात्यात माणसं कमी पडली, साचे उभे राहिले, तर साहेब कामगाराला नाही, जॉबरला विचारणार. जॉबरची ताकद म्हणजे त्याच्या मागून येणारी माणसं. ती दुसऱ्याच्या मागे गेली की त्याच्याकडे नुसतं बोट उरणार. आणि ती माणसं दोन वेळा जेवायला आजीकडे बसायची.

आजी पस्तीस जणांचा स्वयंपाक करायची. भाकरी, कालवण, बुधवारी सुकट. पैसे महिन्याला. जॉबरने जास्त दस्तुरी मागितली की ती बातमी पंक्तीत फिरायची आणि आजी वाढता वाढता ऐकायची. एकदा एका पोराचं नाव विनाकारण कापलं गेलं. आजीने त्याचे तीन महिन्यांचे पैसे थांबवून त्याला जेवू घातलं, आणि जॉबर पुढच्या वेळी दारात आला तेव्हा त्याला सगळ्यांदेखत सांगितलं, “ह्याचं हितं मांडून ठिवलंय. तुमच्या नावावर.” आठ दिवसांत पोरगा कामावर लागला. आजीला सही करता येत नव्हती. गिरणीच्या आत तिने कधी पाऊल टाकलं नाही. पण त्या खात्यात कुणाची सत्ता कुठे संपते हे तिला ठाऊक होतं.

आबा रविवारी लवकर उठून आंघोळ करायचे आणि खंडोबाच्या टाकाला भंडारा वाहायचे. वाहताना दोन नावं घ्यायचे, एक देवाचं आणि एक नारायण मेघाजी लोखंड्यांचं. रविवार खंडोबाचा, म्हणून लोखंड्यांनी तोच वार मागून घेतला, अशी त्यांची श्रद्धा होती. लोखंडे ठाण्याचे, जन्म १८४८. मांडवीच्या गिरणीत ते स्टोअरकीपर होते. मला हे पद फार बोलकं वाटतं. स्टोअरकीपर ना मालक, ना जॉबर. कुणाला कामावर घ्यायची सत्ता त्याच्याकडे नाही. त्याच्या खिडकीशी मात्र खात्याखात्यातली माणसं येतात, काय मोडलं, काय संपलं, कुणाचं बोट गेलं, हे सांगतात. १८८० साली ते ‘दीनबंधु’ या वृत्तपत्राचे संपादक झाले. १८८४ साली त्यांनी बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन उभी केली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर, जखमी कामगाराला बरा होईपर्यंत पगार. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले आणि त्या सभेत दोन कामगार बायका बोलल्या. १० जून १८९० ला रविवारची सुट्टी मिळाली. पहिल्या सह्यांपासून सहा वर्षं लागली. १८९७ च्या फेब्रुवारीत, प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करता करता, लोखंडे गेले. आज शीळफाट्यावरची निम्मी गोदामं रविवारीही चालू असतात. माझंही.

आबांचे एक चुलते १९२८ च्या संपात होते. एप्रिल ते ऑक्टोबर, सहा महिने मुंबईच्या गिरण्या बंद होत्या. गिरणी कामगार युनियनचे पुढारी मोठे होते, डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर. पण त्या चुलत्यांच्या गोष्टीत पुढारी कमी आणि गिरणी समिती जास्त असायची. गिरणीगिरणीत कामगारांनी आपल्यातल्या माणसांची समिती केली होती. खात्यातलं भांडण असो की वर्गणी, आधी तिथे. १९२९ च्या मार्चमध्ये मीरत कट खटल्यासाठी हे सारे पुढारी पकडले गेले. समित्या काही काळ चालल्या, मग पुढचा संप फसला आणि त्या विरल्या. चुलते म्हणायचे की पुढारी गेले म्हणून आम्ही हरलो असं लोक बोलतात, पण वर्गणी गोळा करणारी माणसं घरी बसली तेव्हा आम्ही हरलो. हे आबांनी मला सांगितलं आणि आबांना १९८२ नंतर ते जास्तच आठवू लागलं.

*

तात्या १९६२ ला मुंबईला आले. गिरणीत जागा नव्हती, म्हणून दाणाबंदर. धान्याच्या वखारी, बाहेर ट्रक, ट्रकपासून वखारीपर्यंत टाकलेली फळी. डोक्यावर चुंबळ, कमरेला हूक. पोतं क्विंटलचं. दोघं उचलून देणारे, बाकीचे वाहणारे, आणि आत एकजण थप्पी रचणारा. थप्पी रचणं हे सगळ्यात जोखमीचं काम. खालची ओळ वाकडी गेली तर पंधराव्या ओळीला सगळी थप्पी अंगावर येते.

तेव्हा व्यापारी मजुरी मुकादमाच्या हातात द्यायचा. मुकादम त्यातली आपली मुकादमी काढून उरलेलं वाटायचा. किती आले आणि किती काढले हे विचारायची सोय नव्हती. विचारलं तर दुसऱ्या दिवशी तेच दोन शब्द. हात मोडला, पाय घसरला, म्हातारपण आलं, तर गावाचा रस्ता. आमच्याच तालुक्यातल्या अण्णासाहेब पाटलांनी या माणसांची संघटना बांधली. व्यापाऱ्यांच्या लेखी हे कामगारच नव्हते, कारण कुणा एकाचे नोकर नव्हते. आज या गाळ्यावर, उद्या त्या. मालक नाही तर कायदा लावायचा कुणाला? १९६९ च्या माथाडी कायद्याने या प्रश्नाचं जे उत्तर काढलं त्याचं मला अजून नवल वाटतं. मालक कोण हे शोधत बसण्याऐवजी मध्ये बोर्ड आणून ठेवलं. व्यापाऱ्यांचे प्रतिनिधी, कामगारांचे प्रतिनिधी आणि सरकारचा अध्यक्ष. व्यापाऱ्याची नोंद बोर्डात, कामगाराचीही बोर्डात. व्यापारी मजुरी आणि वर लेव्ही बोर्डात भरणार, कामगाराला पगार बोर्डातून. त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, बोनस, रजा.

मुकादम मात्र राहिला. टोळीला कुणीतरी पुढे हवाच. पण त्याच्या हातातून पैसा गेला आणि ‘उद्या ये’ गेलं. तात्या मुकादम झाले ते यानंतर. मी त्यांना विचारलं, पैसा नाही, माणूस काढायची सत्ता नाही, मग लोक तुमचं ऐकायचे कशाला? तात्या थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “ऐकायचे न्हाईतच आधी.”

त्या काळातली एक गोष्ट त्यांनी मला तीनचार वेळा सांगितली आहे, दरवेळी थोडी वेगळी. टोळीत मिळकतीची वाटणी सारखी होती. हजर माणसाला सारखा हिस्सा. नवा आलेला एक ताकदवान पोरगा होता, जावळीकडचा. दुसऱ्याच्या सहा फेऱ्या होईपर्यंत त्याच्या नऊ व्हायच्या. महिन्याभरात तो कुरकुरायला लागला. त्या म्हाताऱ्याला आणि मला सारखं कसं? म्हातारा म्हणजे तो ‘डावा खांदा’. चार तरुण त्याच्या बाजूला गेले. चारजण म्हाताऱ्याच्या बाजूला. बाकीचे खाली मान घालून काम करू लागले, आणि तात्या म्हणतात की त्या खाली घातलेल्या मानांची त्यांना सगळ्यात जास्त धास्ती वाटली. चिडलेली माणसं बोलून मोकळी होतात. गप्प झालेली टोळी फळीवरून खाली येते.

संध्याकाळी काम संपल्यावर तात्यांनी सगळ्यांना पोत्यांवर बसवलं. वाटणी काय करायची ते ठरवा म्हणाले आणि स्वतः बिडी पेटवून बसले. मुकादमाने आधी तोंड उघडलं की बाकीचे त्याच्या तोंडाकडे बघून बोलतात, हे ते आधीच्या मुकादमाकडून शिकले होते. तास गेला. पोरगा बोलला, म्हातारा बोलला नाही. मग जो कधी बोलत नसे त्या थप्पीवाल्याने पोराला विचारलं, “तुझी थप्पी कोन लावतंय?” नऊ फेऱ्यांची नऊ पोती आत जाऊन नुसती पडली असती तर दुपारपर्यंत वखारीचं दार बंद झालं असतं. ती रचायची कशी हे थप्पीवाल्याला शिकवलं होतं त्या म्हाताऱ्याने, खांदा शाबूत होता तेव्हा. कुठलं पोतं ओलं आहे, कुठला ट्रक आधी लावायचा, कुठल्या गाळ्याचा मेहता मापात मारतो, हे अजूनही तोच सांगायचा. त्या रात्री वाटणी सारखीच राहिली. पण दुसरंही एक ठरलं, आणि ते पोराच्या बाजूने ठरलं. जड माल असेल त्या दिवशी उचलून देण्याच्या जागेवर पाळी लावायची, म्हणजे वाहणाऱ्यालाही थोडा दम मिळेल. वहीत त्या तारखेपुढे एवढंच आहे: ‘बैठक. पाळी.’

तात्या स्वतःला चांगला मुकादम समजत नाहीत. एक नाव दाखवून ते म्हणाले की ही जागा दुसऱ्या एका माणसाची होती. तो तीन वर्षं टोळीच्या मागे फिरत होता, कुणी आजारी पडला की भरीला यायचा. जागा निघाली तेव्हा तात्यांनी आपल्या मेव्हण्याचं नाव पुढे केलं. टोळीतल्या कुणी विरोध केला नाही. “माझ्या तोंडाकडं बघून गप बसले,” तात्या म्हणाले. तो माणूस गावी परत गेला. त्याचं नाव वहीत नाही, पण तात्यांना पाठ आहे. पुढे माथाडीच्या बिल्ल्यांचा व्यवहार होऊ लागला, संघटनेच्या नावावर ट्रक अडवून पैसे उकळणारे निघाले. २०२३ मध्ये कायदा बदलायचं विधेयक आलं आणि माथाडी संघटनांनी त्याला विरोध केला, तेव्हा तात्या टीव्हीसमोर बसून दोन्ही बाजू ऐकत होते. माझ्यासारख्यांनीच सुरुवात केली, असं ते हळूच म्हणाले. मला ते पटत नाही. मेव्हण्याला जागा देणं आणि खंडणी यांत मोठं अंतर आहे. पण त्यांच्या तोंडून ते काढून घ्यायचा मला अधिकार नाही.

*

१९८२ साल आमच्या घरावर दोनदा कोसळलं. १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला. आबांच्या निवृत्तीला वर्ष उरलं होतं. २२ मार्चला अण्णासाहेबांचा मराठा आरक्षणासाठी मोर्चा निघाला आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी आपलं आयुष्य संपवलं. तात्यांची टोळी त्या दिवशी फळीवर चढली नाही.

गिरणी संपाबद्दल डॉक्टर दत्ता सामंतांना दोष देणारे खूप भेटतात आणि त्यांची पूजा करणारेही. आबा दोन्ही करत नसत. सामंत मूळचे कोकणातले, देवबागचे. घाटकोपरला दवाखाना चालवताना दगडखाणीतल्या मजुरांची दुखणी बघत बघत ते युनियनमध्ये आले. गिरण्यांत मान्यता एकाच युनियनला, १९४६ च्या कायद्याने, आणि त्या युनियनवर कामगारांचा विश्वास उरला नव्हता. १९८१ च्या दिवाळीत बोनसवरून गिरणी कामगार स्वतः सामंतांच्या दारात गेले. ते आधी तयार नव्हते. आबा त्या गर्दीत होते. “आम्हीच त्यांना आनलं,” ते सांगायचे. “आन् आनून त्यांच्या खांद्यावर सगळं ठिवलं. अडीच लाख मानसांचं वझं. आन् आम्ही गावाला गेलो.” खरंच गेले. संप लांबला तसे लोक गावी गेले, शेतात राबले, वाट पाहिली. परळच्या खोल्या रिकाम्या झाल्या, खानावळी बंद पडल्या, आजीचीही. ज्या पंक्तीत बातमी फिरायची ती पंक्तच उरली नाही. रोज सकाळी भेटून, काल काय झालं आणि आज काय करायचं, हे ठरवणारी माणसं दीडशे-दोनशे मैलांवर विखुरली. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेला नाही. आबांचे हिशेबाचे पैसे फार उशिरा आले. त्यांना चुलत्यांची वर्गणीची गोष्ट त्यानंतर रोज आठवायची.

माझे वडील त्याच काळात इकडे कल्याण-शीळ रस्त्यावर एका इंजिनिअरिंग कारखान्यात होते. स्वतःच्या कामाबद्दल ते कमी बोलायचे. हा रस्ता तेव्हा कारखान्यांचा होता, डोंबिवलीच्या एमआयडीसीपासून प्रीमियर ऑटोमोबाइल्सपर्यंत, जिथे नव्वदीत प्यूजोची ३०९ बनली. वडिलांचा कारखाना बंद पडला तेव्हा ते पन्नाशीच्या आत होते. त्यांनी सांगितलेली एकच गोष्ट माझ्या मनात राहिलीय. शेवटच्या दोन वर्षांत पाळी सुरू होताना सुपरवायझर कामगारांच्या चहाला येईनासा झाला. त्याला वरून तसं सांगितलं होतं म्हणे. वडील म्हणाले, कारखाना त्या दिवशी बंद झाला, टाळं नंतर लागलं.

धान्याचा बाजार १९९० च्या सुमारास तुर्भ्याला आला आणि तात्या दाणाबंदर सोडून इकडे आले. महाप्याचा डोंगर ओलांडला की शीळफाटा, आणि इथे जागा स्वस्त होती. आम्ही सगळे त्यांच्या मागून आलो. ४ एप्रिल २०१३ च्या संध्याकाळी इथल्या लकी कंपाउंडमधली सात मजली बेकायदा इमारत कोसळली. बांधकाम चालू होतं आणि खाली माणसं राहत होती, त्यात तीच इमारत बांधणारे मजूरही होते. चौऱ्याहत्तर माणसं गेली. तात्या तेव्हा अडुसष्टचे. रात्रभर ते तिथे उभे होते, ढिगाऱ्याजवळ जाऊ देत नव्हते तरी. पहाटे घरी आले, पाय धुतले आणि विचारलं, “त्या मजुरांची हजेरी कुणाकडं व्हती?” आमच्यापैकी कुणी उत्तर दिलं नाही.

*

गेल्या श्रावणातल्या त्या रात्री मी वही शेवटपर्यंत वाचली. मग मोबाइल उघडला. सहा नावांपैकी दोन माणसांचे चेहरे मला आठवत होते. बाकीच्या चौघांचे नाहीत, आणि मी त्यांना सात महिने रोज बघत होतो. मी कुणाला ‘उद्या येऊ नको’ असं कधी म्हटलेलं नाही. म्हणावंच लागत नाही. जॉबरला निदान गर्दीसमोर उभं राहून बोट दाखवावं लागायचं, आणि संध्याकाळी आजीच्या दारात यावं लागायचं.

त्या रात्री मी यादी तशीच पाठवली. वेळ झाली होती. हे लिहायला जड जातंय.

सकाळी लवकर गेलो. गोदामाच्या फाटकाबाहेर ज्यांच्या नावापुढे खूण नव्हती त्यातले तिघं उभे होते. कुणी आला नाही तर भरीला घेतील या आशेने. त्यातल्या एकाला मी गाव विचारलं. त्याला वाटलं काही चुकलं. मग म्हणाला, नंदुरबारच्या पुढे, अक्कलकुव्याकडे. तासाचा आकडा कमी का येतो, हे विचारायला मला शब्द सापडेनात, तर तोच म्हणाला की त्याला मागच्या बाजूला वरच्या फळ्यांवर लावतात आणि प्रत्येक खोक्याला शिडी हलवावी लागते. स्कॅनरला शिडी दिसत नाही. हे मला, पाळीप्रमुखाला, माहीत असायला हवं होतं. शिडीच्या कामाला पाळी लावण्याबद्दल मी वर लिहून पाठवलंय. उत्तर यायचंय. तोवर माझ्या पाळीत मी ती लावलीय. जो पोरगा आकड्यात नेहमी पहिला असायचा तो पहिल्याच दिवशी शिडीवर चढला आणि संध्याकाळी त्याचा आकडा निम्म्यावर आला. तो काही बोलला नाही, बाकीच्यांकडे बघत राहिला. शनिवारी सगळ्यांना बसवायचं ठरवलंय. मी आधी बोलणार नाही.

तात्यांना मी नाक्यावरच्या दुकानातून तसलीच लाल वही आणायला सांगितली. ते स्वतः गेले, रस्ता ओलांडायला वीस मिनिटं लागली म्हणाले. पहिल्या पानावर आता एकतीस नावं आणि एकतीस गावं आहेत. अक्कलकुवा, उतरौला, गेवराई, पलामू, मोखाडा. काहींच्या पुढे समासातही एकेक शब्द आलाय. सात जणांचं गाव विचारायचं राहिलंय.